धीर की हट्ट?

पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही मॅरेथॉनची तयारी आरंभिली. सातव्या आठवड्यात डाव्या पोटरीत एक बारीकशी कळ आली. लंगडावे इतकी ती तीव्र नव्हती. विसरावी इतकी सौम्यही नव्हती. मोठी इजा माणसाला अंथरुणाला खिळवते आणि प्रश्न मिटतो. ही रेंगाळणारी दुखापत मात्र रोज पहाटे बुटांच्या नाड्या बांधताना तोच प्रश्न विचारते : आज धावावे की थांबावे?

पंधरवडाभर आम्ही धावत राहिलो. सोबत्यांनी विचारले की 'ठीक आहे' म्हणायचो आणि या असत्याला मनोमन सहनशीलता म्हणायचो.

स्नायू ताणला जातो तेव्हा त्याचे काही तंतू फाटतात. शरीर आधी तेथे सूज आणते, मग नवे ऊतक विणते आणि अखेर त्याला हळूहळू बळ देते. वेदना बहुधा हे काम पुरे होण्याआधीच शमते. म्हणजे बरे वाटणे व बरे होणे यांत अंतर असते. त्या अंतरात घाई केली की जुनीच जागा पुन्हा दुखावते. उलट, दीर्घकाळ पडून राहणे हाही इलाज नव्हे. थोड्या विश्रांतीनंतर बेताबेताने दिलेला भारच स्नायूला सावरतो.

नीतिशास्त्रही हेच सांगते. ॲरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा व अविचारी साहस यांच्या मध्ये ठेवले. संत थॉमस अक्वायनस यांनी चाल करून जाण्यापेक्षा टिकून राहणे हे धैर्याचे प्रमुख कार्य मानले. परंतु टिकून राहायचे कशासाठी, हे विवेकानेच ठरवायचे असते.

१९६८ साली मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये टांझानियाचे जॉन स्टीफन अख्वारी पडले व गुडघ्याला जबर मार लागला. तरीही मलमपट्टीनिशी विजेत्यानंतर तासाभराहून अधिक काळाने त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. २००४ साली अथेन्समध्ये विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ सुमारे ३६ किलोमीटरवर थांबल्या. शर्यतीपूर्वी त्यांचा पाय दुखावला होता आणि त्यावरील औषधांनी पोट बिघडले होते. हार मानल्याची टीका त्यांच्यावर झाली. त्याच नोव्हेंबरात त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली आणि २००५ साली हेलसिंकीत विश्वविजेतेपद मिळवले.

जग पहिल्याला वंदन करते. दुसरीला क्षमा करायला जगाला विजय हवा असतो. हा न्याय नव्हे. न थांबण्यात जसे धैर्य असू शकते, तसेच थांबण्यातही असते. बाहेरून दोहोंचा निवाडा करणे अवघड. स्वतःपुरती मात्र एक कसोटी आम्हांस सापडली आहे. जे दुःख आपण सोबत्याला मोकळेपणी सांगू शकतो, ते सोसणे हा धीर. जे लपवावे लागते, ते सोसणे हा बहुधा हट्ट. लपवण्यामागे ध्येय नसते, आपली प्रतिमा असते.

एका पहाटे आम्ही सोबत्यांना खरे सांगितले. कोणी हसले नाही. एकाने आपल्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. तोही महिनाभर गप्पच होता!

यंदाच्या शर्यतीतून आम्ही नाव मागे घेतले आहे. त्याची खंत वाटते. ती नाही असे म्हणणे पुन्हा असत्यच होईल. तूर्त आम्ही चालतो, मध्येच शंभर पावले धावतो आणि पोटरी काय म्हणते ते ऐकतो.