कोंबडीचे ऋण

दिवाळीच्या अंकात कोंबडीच्या दुखण्याविषयी लिहायचे, म्हणजे पाहुण्यांपुढे फराळाच्या ताटाऐवजी काढ्याचा पेला ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी एका जनावरापासून. वसुबारसेला आपण गायवासराला ओवाळतो, त्यांच्या पायांवर पाणी घालतो, आणि पुष्कळ घरांतून त्या दिवशी गाईचे दूध-तूप वर्ज्य असते. जिचे वर्षभर घेतले तिचे एक दिवस तरी घेऊ नये, असा त्यातला भाव आहे. कोंबडीसाठी असा एकही दिवस पंचांगात नाही. तिची आठवण होते ती अंडे हवे असते तेव्हा, नाहीतर पाहुणा आला म्हणजे. तिच्याविषयीचाच एक प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. जिच्या औषधपाण्याचा खर्च तिच्या स्वतःच्या किमतीहून अधिक, अशा जिवाची शुश्रूषा करायची ती कशासाठी?

आमच्या परसात आठ कोंबड्या आहेत. त्यांतल्या एका तलंगेचे, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीचे, अंग बाहेर आले. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना हे दुखणे ठाऊक असेल. अंडे बाहेर पडताना अंडवाहिनीचा शेवटचा भाग क्षणभर उलटा होऊन बाहेर येतो आणि अंडे सुटताच आपोआप आत जातो. म्हणूनच अंडे स्वच्छ येते. निसर्गाची ही मोठी सुबक योजना आहे. पण अंडे फार मोठे असले, कोंबडी वयाने कोवळी किंवा अंगाने फार लठ्ठ असली, अथवा तिच्या शरीरात चुना कमी पडून स्नायू दुबळे झाले असले, तर तो भाग आत जात नाही. लालभडक, ओला, सुजलेला असा तो बाहेरच राहतो.

खरा धोका पुढेच असतो. कोंबड्यांना लाल रंगाचे विलक्षण आकर्षण. एकीने टोच मारली की दुसरी मारते, मग सगळ्याच मारतात. वेळीच वेगळी केली नाही, तर सोबतिणींनी आतडी बाहेर ओढल्यामुळे अशी कोंबडी तासाभरातही मरू शकते. यात दुष्टपणा नाही. कोंबडीला लाल दिसले की ती टोचते, इतकेच. काल जिच्या शेजारी पंखाला पंख लावून निजलो तिच्या दुखण्याशी आपला काही संबंध आहे, हे कळण्याइतके मन तिला दिलेले नाही. ते माणसाला दिलेले आहे, असे आपण म्हणतो.

उपचार तसा सोपा, पण किळस बाजूला ठेवावी लागते. कोंबडीला ताबडतोब डालग्याखाली वेगळी करायची. कोमट स्वच्छ पाण्याने तो भाग हलक्या हाताने धुवायचा. आत अंडे अडकलेले नाही ना, ते पाहायचे. सूज फार असेल तर साखर लावून ठेवतात. साखर सुजेतले पाणी ओढून घेते. मग हातमोजा घालून, बोटाला व्हॅसलीन लावून, अगदी सावकाश तो भाग आत सारायचा. तो पुन्हा बाहेर येतो, पुन्हा सारायचा. आमच्या कोंबडीचे पहिल्या दोन दिवसांत तीन वेळा असे करावे लागले. ती मांडीवर गप्प पडून असे. डोळे अर्धे मिटलेले, आणि छाती इतक्या वेगाने धडधडत असायची की माझ्या हाताला ठोके मोजता येत नसत.

या खटाटोपाच्या वेळी शेजारचे अण्णा कुंपणापाशी उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, गुरांच्या डॉक्टरकडे जायच्या रिक्षाभाड्यात दुसरी कोंबडी येईल. हिचे हाल करण्यापेक्षा आजच पातेल्यात जाऊ द्या. ती सुटेल, तुम्हीही सुटाल." अण्णा निर्दय नाहीत. पावसाळ्यात दुसऱ्याची गाय चिखलात रुतली तर अंगरखा काढून उतरणारा माणूस तो. त्यांनी फक्त हिशेब सांगितला आणि तो बिनचूक होता. तरीही त्यांचे मला पटेना. का पटेना, याचा विचार मी पुढचे कितीतरी दिवस करीत होते.

पहिले उत्तर सुचते ते दयेचे. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेत असताना एकनाथमहाराजांनी ती वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गाढवाने नाथांचे काही केले नव्हते. ते नाथांचे नव्हतेच. म्हणून ती दया निर्मळ. पाश्चात्त्यांकडे जेरेमी बेंथम याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असेच काहीसे विचारले. प्राण्याला बुद्धी आहे की वाचा आहे हा प्रश्नच नव्हे, त्याला वेदना होते की नाही हा खरा प्रश्न, असा त्याचा आशय. त्याच काळातला कान्ट मात्र म्हणे की प्राण्यांविषयी आपले थेट कर्तव्य नाही. पण जो त्यांच्याशी निष्ठुर होतो तो पुढे माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून जपावे. दोघांचेही म्हणणे मला मान्य आहे. पण त्या तलंगेला मांडीवर घेतले असताना माझ्या मनात जे होते त्याला दया म्हणावे, असे मला वाटत नाही. दया परक्यावर करतात. दया केली तर पुण्य, नाही केली तर कोणी जाब विचारीत नाही. इथे मला कोणीतरी जाब विचारीत आहे असे वाटत होते.

तो जाब समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तिच्या पायांचा पिवळा रंग मात्र आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत वावरणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ सालच्या एका संशोधनाने दाखवले. माणसाशी तिची सोयरीक जमली ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या कडेला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन म्हणते. रानातली मादी वर्षाला दहापंधरा अंडी घालते, तीही पिल्ले काढण्यासाठी. घालून झाली की खुडूक होऊन बसते आणि शरीराला विसावा मिळतो. आजची अंड्यांसाठी निपजवलेली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. तिचे खुडूक बसणे आपण निवडून निवडून घालवून टाकले. दिवस लांबला म्हणजे ती अंडी देते हे कळल्यावर दिवे लावून तिचा दिवस सोळा तासांचा केला.

एक अंडे तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यांतले वीसेक तास कवच घडण्यात जातात. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते खाण्यातून पुरले नाही, तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. हाडे झिजतात, स्नायू थकतात, आणि एके दिवशी अंग बाहेर येते. रानातल्या मादीला हे दुखणे कधी होतच नसेल असे मी म्हणणार नाही. पण परसातल्या आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीला ते जडते, त्यात माणसाच्या मागणीचा वाटा मोठा आहे.

सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या लोभी माणसाने तिचे पोट फाडले, म्हणून तो मूर्ख ठरला. आपण शहाणे, आपण पोट फाडले नाही. आपण फक्त रोज एक अंडे मागत राहिलो.

म्हणून मला वाटते की इथला शब्द दया नव्हे, ऋण हा आहे. आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. शिवाय गृहस्थाने रोज करायच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ घातला. आपण जेवण्याआधी प्राणिमात्राचा वाटा काढून ठेवायचा. ज्यांच्या जिवावर घर चालते त्यांचे देणे लागतो, ही समज त्यात आहे. आधुनिक कायद्याची भाषाही दयेची नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून पुढे १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याची नीट निगा राखणे आणि त्याला विनाकारण यातना होऊ न देणे, याला तो कायदा कर्तव्य म्हणतो. दुसरी कोंबडी विकत घेता येते, हे अण्णांचे म्हणणे खरेच आहे. पण एका सावकाराचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही.

यावर कोणी विचारील, "आठवड्यातून दोनदा अंड्याची पोळी खाणाऱ्या बाईने हे सांगावे का?" प्रश्न रास्त आहे. परंतु मी अंडी खाते, म्हणूनच तर देणेकरी आहे. जो घेतच नाही त्याला ऋण कसले? सगळ्या जगातल्या कोंबड्यांचे देणे मला फेडता येणार नाही. माझ्या डालग्याखाली आहे तिचे मी नाकारू शकत नाही, एवढेच.

आता या दुखण्यातली मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट सांगते. अंग आत सारले तरी खरा इलाज होत नाही. दुसऱ्या दिवशी अंडे आले की पुन्हा तेच. म्हणून कोंबडीला काही दिवस अंधाऱ्या जागी ठेवतात, उजेड कमी करतात, खाणे हलके करतात. उजेड नाही म्हणजे अंडे नाही. अंडे नाही म्हणजे कळा नाहीत. मग त्या भागाला आपोआप बळ येते. म्हणजे औषध काय, तर तिच्याकडून काही मागायचे नाही! व्हॅसलीन, साखर, कोमट पाणी हे सारे वरवरचे. पाळणाऱ्याने आपला हात मागे घेणे, हेच मुख्य औषध. आमच्या कोंबडीला आम्ही दहा दिवस पोते टाकून झाकलेल्या डालग्यात ठेवले. ती वाचली. बाहेर आल्यावर पुष्कळ दिवस तिने अंडे दिले नाही. अण्णा हसून म्हणत, "काय, बसून खाते का तुमची राणी?" बसून खाणे ही आपल्याकडे शिवीच आहे, जनावरालाही आणि माणसालाही.

अंग बाहेर येणे हा शब्द आपण कोंबडीला वापरतो, गाईला वापरतो, आणि बाईलाही वापरतो. भाषेने या तिघींना एका ओळीत बसवले, ते उगीच नव्हे. लागोपाठची बाळंतपणे, ओली बाळंतीण असतानाच डोक्यावर आलेला हंडा नाहीतर लाकडाचा भारा, यांनी हे दुखणे जडते आणि लाजेपोटी बाया ते वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. कोंबडीही दुखणे लपवते. कळपात अशक्त दिसणे तिला परवडत नाही. अशा बाईला घरचे दया दाखवतात, "बिचारी" म्हणतात, आणि संध्याकाळी तिच्याच हातची गरम भाकरी मागतात. "बिचारी" म्हणायला काही लागत नाही. ऋण मानले तर हंडा आपल्या डोक्यावर घ्यावा लागतो.

ऋण मानण्याची एक कठीण बाजूही आहे. बाहेर आलेला भाग काळा पडला, फाटला, तर कोंबडी वाचत नाही. मग तिला यातनेत रखडत ठेवणे ही शुश्रूषा नव्हे. ज्या प्राण्याला जगवणे हीच क्रूरता ठरेल त्याला मरण देण्याची तरतूद त्या १९६० च्या कायद्यातही आहे. तशी वेळ आली असती, तर मी तिला घेऊन डॉक्टरकडे गेले असते आणि शेवटपर्यंत तिला हातात धरले असते. अण्णाही मरणच सुचवत होते, मग फरक काय? फरक इतकाच, की मरण तिच्या सोयीसाठी येते की आपल्या, हे आधी स्वतःला विचारावे. उत्तर प्रामाणिक असले म्हणजे पुरे.

वसुबारसेला दूध न घेणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हे सगळे तर्काने मांडता आले नसते. पण दिवाळीचा पहिला दिवा लावण्याआधी एक दिवस न घेण्याचा ठेवावा, हे त्यांना कळत होते. घराघरांत असे कोणी ना कोणी असतेच, ज्याच्याकडून आपण रोज घेतो आणि ज्याला थकलेले आपण पाहत नाही. या दिवाळीत त्यांना साडीचोळी, मिठाई, भेटवस्तू जरूर द्यावी. पण त्याआधी चार दिवस त्यांच्याकडून काही मागू नये. बसून खाऊ द्यावे.