वर्गातली साखर
टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी याचा संबंध नाही; तरीही घरात बोल लागतो तो बहुधा आईलाच, आणि हा अन्यायच आहे. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. आज अशी मुले शाळेत जातात. त्यांची साखर तपासायला पालक मात्र मध्यरात्री गजर लावून उठतात.

वर्गात रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडते. शिक्षकांना तो हट्ट वाटतो. मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. तास संपण्याची वाट पाहू नये. सीबीएसईने २०१७ मध्ये या मुलांना बोर्डाच्या परीक्षेतही खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली.