कानातले ज्ञान, चव्हाट्यावरचे शरीर

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा इथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. नाथपंथात मंत्र कानात द्यायचा, तिसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचा नाही. त्याच परंपरेचा वारसा सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात गीतेचा अर्थ मराठीत सगळ्यांसमोर मांडला. कानात काय ठेवायचे आणि चारचौघांत काय सांगायचे, हा या मुलखातला जुना प्रश्न आहे. समलैंगिक, तृतीयपंथी, आंतरलिंगी माणसांच्या आरोग्यावरचे संशोधन छापायची वेळ येते, तेव्हा तोच पुन्हा समोर येतो.

बीड जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. २०१७ साली माजलगावच्या एका पोलीस शिपायाने लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. शिपायाने स्वतः पुढे येऊन सांगितले, तो त्याचा अधिकार आणि त्याचे धाडस. पण गुणसूत्रांच्या तपासणीत काय निघाले, तेही वर्तमानपत्रांत छापून आले. आष्टीतल्या एखाद्या घाबरलेल्या पोराला त्या रकान्यांतून काय कळले? कोणत्या डॉक्टरकडे जायचे, कोणती तपासणी आधी करायची, संप्रेरकांचे उपचार किती काळ चालतात, यातले फारसे काही नाही. माणूस उघडा पडला आणि ज्ञान झाकलेलेच राहिले. हे नेमके उलटे व्हायला हवे होते.

मग काहीच छापू नये का? छापणाऱ्याला गप्प करण्याचा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. वाचक न लाजता प्रश्न पाठवत आणि कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तर देत. हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरच्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला, तरी मासिक १९५३पर्यंत निघत राहिले. प्रश्न छापायचा आणि विचारणाऱ्याला सांभाळायचे, ही रीत त्यांनी तेव्हाच घालून दिली होती.

न छापण्याची किंमत मोठी असते, कारण छापलेल्या संशोधनानेच समज बदलते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ साली निबंध छापला: समलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल इतरांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. १९७३ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यामागे अशा कामाचा वाटा होता. आपल्याकडे मात्र २०२४ मध्येही वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शक तत्त्वांत समलैंगिक संबंध ‘अनैसर्गिक गुन्हा’ म्हणून परत आले होते. ओरड झाल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती मागे घेतली.

छापायचेच, पण कसे? मोठ्या शहरात नाव गाळले की काम भागते. तालुक्याच्या गावी तेवढ्याने भागत नाही. ‘वय बत्तीस, अविवाहित, साखर कारखान्यात नोकरी, आष्टी तालुका’ एवढे वाचले की चहाच्या टपरीवर कोणीतरी नाव घेतेच. केसपेपरवर जे डॉक्टरच्या विश्वासाने लिहिले, ते शोधनिबंधाच्या तक्त्यातून असे घरी पोहोचते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नीतिनियमांत लैंगिक अल्पसंख्याकांचा उल्लेख विशेष संरक्षण लागणाऱ्या गटांत आहे. संमतीच्या अर्जावरची सही म्हणजे सगळे संरक्षण, असे मानणारे संशोधक त्या नियमांचे केवळ अक्षर पाळतात.

मंत्र गुरूचा खरा, पण तो ज्याच्या कानात पडला त्याचा होतो. रुग्णाने सांगितलेले आयुष्य मात्र संशोधकाच्या वहीत गेले, तरी ते रुग्णाचेच राहते. म्हणून छापण्याआधी मजकूर मराठीत घेऊन संशोधकाने परत यावे, सांगणाऱ्यासमोर तो वाचावा आणि गावात ओळख पटेल असे वाक्य खोडायचा हक्क त्याच्या हाती द्यावा. उपचाराचा भाग मात्र एका ओळीनेही कमी करू नये. तो मराठीत, नावानिशी नव्हे पण पत्त्यानिशी, म्हणजे कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या विभागात काय मिळते इथपर्यंत, सगळ्यांच्या हाती पडावा.