दिसणे आणि सांगणे : तांत्रिक संपादकाच्या कौशल्याचा नैतिक प्रश्न

साहित्यव्यवहारात 'संपादन' हा शब्द उच्चारला की त्याचे दोन अर्थ प्रामुख्याने पुढे येतात : एक पाठचिकित्सा आणि दुसरा नियतकालिकामागील अभिरुची. वैज्ञानिक अहवाल, संशोधनलेख, यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांवर संस्कार करणाऱ्या तांत्रिक संपादकाचा विचार समीक्षेने फारसा केलेला नाही. त्याचे काम व्याकरण आणि विरामचिन्हे यांपुरते असते, ते सरावाने येते, सबब त्यात तत्त्वचर्चेला वाव नाही, असे गृहीतक त्यामागे असावे. वस्तुतः कौशल्याचे कोणते अंग दुसऱ्याला देता येते आणि कौशल्य अंगी असणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे दोन्ही प्रश्न या व्यवसायात एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची उकलही एकत्रच करावी लागते.

या संदर्भात अमेरिकेतील पासाडीना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत १९७६ साली सिद्ध झालेली 'द लेव्हल्स ऑफ एडिट' ही पुस्तिका महत्त्वाची ठरते. रॉबर्ट व्हॅन ब्यूरेन आणि मेरी फ्रॅन ब्यूलर यांनी तीत संपादनक्रियेचे पृथक्करण करून तिचे नऊ प्रकार कल्पिले. निर्मितीतील समन्वय आणि संस्थेच्या धोरणाचे पालन येथपासून आकृत्या-कोष्टकांच्या उल्लेखांची संगती, मांडणी, भाषा आणि अखेरीस आशयाची सुसंबद्धता येथपर्यंत त्यांची व्याप्ती आहे. या नऊ प्रकारांच्या वाढत्या समुच्चयांतून पाच स्तर सिद्ध होतात : सर्वांत हलक्या स्तरात दोनच प्रकार, तर सर्वांत सखोल स्तरात नऊही. वेळ आणि खर्च पाहून कोणत्या हस्तलिखितावर कोणता स्तर योजावयाचा, हे आधीच ठरविता येते.

या पृथक्करणाचे मोल कमी लेखता येणार नाही. 'हस्तलिखितावरून जरा नजर फिरवा' या मोघम विनंतीचा अर्थ लेखक, व्यवस्थापक आणि संपादक आपापल्या परीने लावीत असतात. स्तरव्यवस्थेने या अदृश्य श्रमांना नावे दिली. नावे मिळाली म्हणजे श्रमांचा हिशेब मांडता येतो, नवख्याला ते शिकविता येतात आणि ज्येष्ठाच्या मर्जीवर अवलंबून असलेले ज्ञान काही अंशी सार्वजनिक होते.

तथापि, येथेच मूळ प्रश्न उद्भवतो. स्तर ही श्रमांची मर्यादा आहे. ती उत्तरदायित्वाचीही मर्यादा मानावयाची काय? हलक्या स्तराचे काम स्वीकारलेल्या संपादकाला त्या स्तराबाहेरचा दोष दिसला, तर त्याने काय करावे? डोळा एकदा तयार झाला की तो करारापुरते पाहत नाही. दिसण्यावर नियंत्रण नसते; सांगणे मात्र ऐच्छिक असते. नैतिक प्रश्न या दोहोंमधील अंतरात वास करतो.

हे अंतर किती गंभीर असू शकते, याचे उदाहरण 'कोलंबिया' अंतराळयानाच्या इतिहासात सापडते. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान पृथ्वीच्या वातावरणात परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचे विश्लेषण सादर केले होते. अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्या सादरीकरणातील एका पानाचे एडवर्ड टफ्टी यांनी केलेले परीक्षण समाविष्ट केले. त्या एका पानावर 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द विविध रूपांत पाच वेळा येतो आणि प्रत्येक वेळी वेगळेच काही सुचवितो. आदळलेल्या तुकड्याचे अंदाजित घनफळ १९२० घन इंच होते, तर उपलब्ध चाचणीतील तुकड्याचे ३ घन इंच. ही ६४० पटींची तफावत पानाच्या तळाशी गौण मुद्द्यासारखी दडलेली होती.

हा दोष भाषेचा की आशयाचा? एकच विशेषण पाच वेळा योजणे हा वरवर पाहता शैलीदोष होय. पण त्या पुनरुक्तीमुळेच धोक्याचे परिमाण झाकले जात असेल, तर शैली आणि आशय यांची वाटणी तेथे कोसळते. साहित्यसमीक्षेला हे नवे नाही. रूप आणि आशय यांच्या अभिन्नतेची चर्चा ती दीर्घकाळ करीत आली आहे. मात्र काव्यात ही अभिन्नता आस्वादाचा विषय असते, तर तांत्रिक संहितेवर विसंबून कोणीतरी कृती करणार असतो. तेथे अर्थाची अनेकता वैभव ठरत नाही. एखाद्या संपादकाने तो अपघात टाळला असता असा दावा यातून करता येणार नाही. भाषेपुरतेच पाहावे असे सांगणारा नियम भाषेच्याच स्वरूपामुळे अपुरा पडतो, एवढेच यातून सिद्ध होते.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. शास्त्रीय आशयाची जबाबदारी लेखकाची, हा या व्यवसायाचा संकेत आहे आणि तो निराधार नाही. 'असे असू शकेल' या सावध विधानाला ओघवते करण्याच्या भरात 'असे आहे' करणारा संपादक सत्याचीच हानी करतो. अर्थात, मौनाइतकेच आगाऊपणही घातक ठरते. परंतु हा आक्षेप दुरुस्तीच्या अधिकाराला लागू पडतो, पृच्छेच्या कर्तव्याला नव्हे. समासात 'येथे हा शब्द कोणत्या अर्थाने?' असे विचारणारा संपादक लेखकाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. तो लेखकाला त्याच्या जबाबदारीची जाणीव करून देतो. तेव्हा स्तर काय दुरुस्त करावे हे ठरवू शकतो. काय विचारू नये हे तो ठरवू शकत नाही.

नेमके विचारण्याचे हे कौशल्यच यादीत उतरत नाही. मनुष्य सांगू शकतो त्याहून अधिक जाणत असतो, हा मायकेल पोलान्यी यांनी 'द टॅसिट डायमेन्शन' (१९६६) या ग्रंथात मांडलेला विचार येथे लागू पडतो. त्यावरून असे कौशल्य केवळ सहवासानेच संक्रमित होते, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण याबाबत उद्बोधक आहे. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत आपली पद्धती सकारण मांडली. स्वीकृत पाठाखाली नाकारलेले पाठही नोंदले गेले. १९४३ साली त्यांचे निधन झाले, तरी कार्य थांबले नाही. १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. निर्णयाबरोबर त्याची कारणे आणि नाकारलेले पर्याय उपलब्ध असल्याने उत्तराधिकाऱ्यांना पूर्वसूरींचा विवेक अभ्यासता आला, प्रसंगी त्याच्याशी मतभेदही नोंदविता आला.

तांत्रिक संपादकाच्या कामाला अशी तळटीप नसते. त्याची पृच्छा, लेखकाचे उत्तर, सोडून दिलेला पर्याय हे सारे छपाईबरोबर पुसले जाते; किंबहुना हस्तक्षेपाची खूण न उरणे हेच यशाचे लक्षण मानले जाते. म्हणूनच या व्यवसायात कौशल्याची देवाणघेवाण हे केवळ सौजन्य राहत नाही. तिच्याअभावी प्रत्येक पिढीचा विवेक तिच्याबरोबरच लोपतो. १९५३ पर्यंत मुळे पोहोचणारी 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' ही अमेरिकी संस्था जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीमुळे बंद पडली. अशा संस्थेबरोबर नियम नष्ट होत नाहीत. ते पुस्तकांत असतात आणि त्यांतील पुष्कळसे आता संगणकालाही पाळता येतात. धोक्यात येते ते अनुभवांची तुलना करण्याचे, फसलेल्या आणि साधलेल्या पृच्छांची चर्चा करण्याचे स्थान.

हे ऋण कोणाचे, या प्रश्नाचे उत्तरही यातूनच मिळते. व्यवसायबंधूंना कौशल्य देणे हा वरवर आपसांतील व्यवहार दिसतो. परंतु त्याचा खरा धनको संहितेवर विसंबून कृती करणारा वाचक होय. संहिता घडत असताना तो उपस्थित नसतो, स्तर ठरविताना त्याचे मत विचारले जात नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारू शकणारा एकमेव वाचक म्हणजे संपादक. असे प्रश्न कसे विचारावेत हे पुढच्या संपादकाला न सांगणे म्हणजे त्या अनुपस्थिताचा आवाज आपल्यापुरताच राखून ठेवणे होय.