शाळेचें दार कोणी उघडावें?



सन २०२१ च्या जून महिन्यांत निरगुडसरच्या बाजूस काम करणारे एक शिक्षक बंधु मजकडे आले. त्यांच्याकडे एक लहान ख्रिस्ती शाळा होती. एक खोली, तिच्यापुढें ओसरी, व सारीं मिळून तीसएक मुलें, सर्व पहिली ते चौथीचीं. मार्च २०२० पासून ती बंद होती. बसल्याबरोबर त्यांनीं विचारिलें, "पाळकसाहेब, मीं शाळा उघडली आणि एखाद्या मुलाच्या आजीस कोरोना होऊन ती दगावली, तर तें पाप मजवर कीं नाहीं?" मी उत्तर देणार तोंच त्यांनीं दुसरा प्रश्न पुढें ठेविला: "आणि मीं उघडली नाहीं, व हीं मुलें जन्माचीं अडाणी राहिलीं, तर तें कोणावर?"

मी त्यांस म्हणालों, "सरकारचा हुकूम येईपर्यंत थांबा." उत्तर कायद्यास धरून होतें, आणि त्यांत माझी सोयहि होती. बंधु चहा घेऊन निघून गेले. प्रश्न मात्र माझ्या घरींच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं त्या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. मग आतां ह्या गोष्टीचा खल कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु साथ दाराशीं उभी असतां मनुष्य एक तर भीतीनें बोलतो, नाहीं तर ईर्षेनें. योग्यायोग्य पाहण्यास शांत वेळ लागते, आणि ती आतां आहे. शिवाय ती साथ शेवटची होती असें मानण्यास मला कांहीं आधार दिसत नाहीं.

त्या दिवसांत आपल्या मंडळ्यांत दोन उत्तरें ऐकूं येत होतीं. पहिलें असें कीं, देव राखील. शाळा उघडा, विश्वास धरा. हें बोलणें भक्तीचें वाटतें. परंतु मंदिराच्या शिखरावर उभें करून परीक्षक प्रभूला काय सुचवीत होता, हें आपण विसरूं नये. उडी टाक, देवदूत झेलतील, हेंच तें सुचविणें होतें. आणि प्रभूनें तें नाकारिलें. तेथें तर स्वतःचाच देह पणास लावावयाचा होता. येथें आपण काय करणार होतों? ह्या रोगानें लहान मुलें बहुधा फार आजारी पडत नसत. पण तेंच मूल घरीं जाऊन आजीच्या ताटांत जेवी, तिच्याच वाकळेंत निजे. आपल्या खेड्यांतील घर म्हणजे दोन खण. त्यांत तीन पिढ्या. सन २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत ह्या पुणें जिल्ह्यांत खाट मिळेना, प्राणवायु मिळेना, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस अधिक सांगणें नको. अशा वेळीं शिक्षकानें किंवा पाळकानें "मी भीत नाहीं" म्हणून दार उघडणें म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आपल्या जिवाविषयीं धीट असणें हा गुण आहे. दुसऱ्याच्या जिवाविषयीं धीट असण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

दुसरें उत्तर, बंदच बरें. हें सोपें, म्हणूनच आम्हां कारभारी मंडळींस अधिक प्रिय. मनुष्य मेला तर त्याची तारीख लागते, नोंद होते, लोक बोट दाखवितात. परंतु एखाद्या मुलीच्या हातून अक्षर गेलें तें कोणत्या दिवशीं गेलें, हें कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. तिनें आईबरोबर कांदे काढावयास जाण्यास आरंभ केला, पुढें धाकट्या भावास संभाळूं लागली, पुढें कोणी तरी स्थळ आणिलें. ह्यांतील कोणत्या पायरीवर शाळा सुटली? "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असें सरकारी शिक्षणखात्याच्या उपक्रमाचें नांव होतें, व त्यामागील हेतु चांगला होता ह्यांत शंका नाहीं. पण ज्या घरांत एकच मोबाइल, आणि तो बापाबरोबर मंचरच्या बाजारास जाणारा, त्या घरांत शिक्षण रात्रीं आठानंतर येई, तेंहि रिचार्ज असेल व रेंज मिळेल तर. तोंवर मूल झोपलेलें असे.

आतां कांहीं तारखा सांगतों. त्या सांगतांना मला लाज वाटते. महाराष्ट्रांत दारूचीं दुकानें मे २०२० मध्यें उघडूं लागलीं. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पांचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून भरूं लागले. पुढें दुसऱ्या लाटेनें तेहि बंद झाले. खेड्यांत पांचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हा उघडले. पहिली ते चौथीचीं मुलें शाळेंत आलीं तीं १ डिसेंबर २०२१ रोजीं. म्हणजे मार्च २०२० पासून वीस महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर. आणि आपलीं उपासनामंदिरें? तीं १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं; दुसऱ्या लाटेंत बंद झालीं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हा उघडलीं. दोन्ही वेळां आमचें दार त्या लेंकरांच्या दाराआधीं उघडलें. उपासनेसाठीं परवानगी मिळावी म्हणून आम्हीं अर्ज केले, बैठका केल्या. धाकट्यांच्या वर्गासाठीं माझ्या हातून एक अर्जहि लिहिला गेला नाहीं. बालकांस मजकडे येऊं द्या असें सांगणाऱ्या गुरूचे आम्ही शिष्य म्हणवितों.

लेवीय पुस्तकाचा तेरावा व चौदावा अध्याय आपण उपासनेंत क्वचितच वाचतों. महारोगाचे चट्टे व भिंतींवरील डाग ह्यांचें तें वर्णन कंटाळवाणें वाटतें. मीं सेमिनरींत असतां हीं पानें परीक्षेपुरतींच पाहिलीं. साथीच्या दिवसांत तीं पुन्हा उघडलीं, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. संशय आला तर याजकानें त्या मनुष्यास सात दिवस कोंडून ठेवावें अशी तेथें आज्ञा आहे. म्हणजे साथीच्या भयानें दार लावणें हा अविश्वास नव्हे. परंतु आज्ञा तेथेंच थांबत नाहीं. सातव्या दिवशीं त्याच याजकानें जाऊन पुन्हा पाहावें. निश्चय होत नसेल तर आणखी सात दिवस, आणि पुन्हा पाहावें. घराविषयींहि तसेंच: तें बंद करावें, सात दिवसांनीं पाहावें, डागाळलेले दगड तेवढे काढावे, भिंती खरवडाव्या, एकदम घर पाडूं नये. आणि रोगी बरा झाला असें कळलें म्हणजे त्यानें चाचपडत आंत यावें असें नाहीं. याजकानें उठून छावणीबाहेर त्याच्याकडे जावें. ज्याच्या हातीं कोंडण्याचा अधिकार, त्याच्याच पायांवर परत जाऊन पाहण्याचें ओझें घातलें आहे. आम्हीं अधिकार तेवढा घेतला. मार्च २०२० मध्यें कुलूप लाविलें, तें बरोबर होतें असें मी आजहि म्हणेन. पण सातव्या दिवशीं तर सोडाच, सातव्या महिन्यांतहि "आतां काय स्थिति आहे, आतां काय करतां येईल" असें विचारावयास मी गेलों नाहीं.

ह्याच जिल्ह्यांत पूर्वीं एका बाईनें हें ओझें कसें उचललें तें पाहा. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईस निघालें व पुढील वर्षीं पुण्यास आलें. १८९७ सालीं एकीकडे मध्यप्रांताच्या दुष्काळांतून आणिलेल्या अनाथ मुली, आणि दुसरीकडे पुण्यांत प्लेगचा कहर. शहरांत ह्या नव्या मुलींस ठेवण्यास सरकारी हुकुमानें बंदी झाली. रमाबाईंनीं हुकुमाशीं भांडण मांडिलें नाहीं, आणि मुलींस परतहि धाडिलें नाहीं. दौंड तालुक्यांत केडगांव येथें त्यांनीं जमीन घेऊन ठेविली होती. तेथें, उघड्या माळावर, त्यांनीं मुलींस नेलें, व तेथेंच पुढें मुक्ति मिशन उभें राहिलें. हुकूम शहराविषयीं होता, शिकविण्याविषयीं नव्हता, हें त्यांनीं ओळखिलें. आणखी एक गोष्ट आपण सांगावयास विसरतों. प्लेगच्या इस्पितळांत त्यांच्याकडील एका मुलीस कशी वागणूक मिळाली, ह्याविषयीं त्यांनीं त्याच वर्षीं मुंबईच्या वर्तमानपत्रांत लिहून सरकारचा रोष पत्करिला. आज्ञा पाळणें व तोंड मिटून बसणें ह्या दोन गोष्टी त्यांनीं एक मानिल्या नाहींत. त्याच साथींत, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले वारल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः उचलून आपल्या मुलाच्या दवाखान्यांत आणिलें होतें. त्या आपल्या मंडळीतील नव्हत्या. परंतु छावणीबाहेर जाणें म्हणजे काय, हें त्यांच्याकडून शिकण्यास आपणांस संकोच वाटूं नये.

तर मग निरगुडसरच्या त्या ओसरीवर काय करतां आलें असतें? हें आतां ठाऊक आहे, व तेव्हांहि बरेंचसें कळूं लागलें होतें. पहिल्या महिन्यांत आम्हीं पाट्या पुसल्या, बाकांवर औषधें फवारलीं. पुढें स्पष्ट झालें कीं हा रोग मुख्यतः हवेंतून, आणि तोहि कोंदट बंद खोलींत, पसरतो. म्हणजे ज्या शाळेस धड भिंती नाहींत म्हणून आम्हांस वाईट वाटे, तीच ओसरी शहरांतील तावदानांच्या खोलीपेक्षां निर्धोक होती! मुलें अर्धीं आज, अर्धीं उद्यां; अंतर राखून; मोठ्यांच्या तोंडावर मास्क; ताप असेल तो घरीं, व त्याबद्दल कोणास रागें भरणें नाहीं. झाडाखालीं बसणें उत्तम, मात्र उसाच्या बांधाशीं नव्हे. जुन्नर व आंबेगांवच्या बिबट्याची आठवण ठेवून उजेडांतच मुलांस घरीं धाडणें. ह्यास पैसा फारसा लागत नाहीं.

लशीची गोष्ट ह्याहून मोलाची. लसीकरण १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालें, व मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांस लस मिळूं लागली. बारा वर्षांखालील मुलांस मात्र त्या मोहिमेंत लस देण्यांत आलीच नाहीं. त्यांच्या शाळेभोंवतीं कुंपण घालावयाचें तर तें घरांतील म्हाताऱ्यांच्या व शिक्षकाच्या दंडांतूनच घालावें लागे. पुष्कळ म्हातारीं माणसें सुईस भीत होतीं. कोणी कांहीं अफवा ऐकिल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून बोलणें, रांगेंत त्यांच्यासंगें उभें राहणें, हें शाळा उघडण्याचेंच काम होतें. आणि त्याआधीं त्यांस विचारणें. शिक्षक बंधूंच्या पहिल्या प्रश्नांतील आजी, जिच्या जिवाचा धोका होता, तिला मीं वा त्यांनीं त्या दिवशीं विचारिलें होतें काय? आपण तिच्यावतीनें भ्यालों, किंवा तिच्यावतीनें धीर धरिला असता. ती ओसरीवर बसून होती, तिला जीभ होती. जुलै २०२१ मध्यें, गांवांत महिनाभर रुग्ण नसल्यास ग्रामपंचायतीच्या ठरावानें आठवीपासूनचे वर्ग भरवावे अशी वाट सरकारनें करून दिली. निर्णय गांवाकडे आला ही त्यांतील योग्य गोष्ट. धाकटीं मुलें त्यांतून वगळलीं ही माझ्या मतें चूक. एखाद्या घरीं दमेकरी म्हातारा असेल व घरचे "नको" म्हणतील, तर त्या मुलाचें नांव पटावरून कमी न करितां शिक्षकानेंच त्याच्या अंगणांत जावें. आणि पुन्हा केव्हां बंद करावयाचें, हेंहि उघडतांनाच ठरवावें, म्हणजे त्या दिवशीं भांडण होत नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें नव्या लाटेमुळें शाळा पुन्हा मिटल्या, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून पुन्हा उघडूं लागल्या. तेव्हां, उशीरा कां होईना, परत जाऊन पाहणें घडलें.

त्या शिक्षक बंधूंच्या शाळेंत मी गेलों तो डिसेंबर २०२१ मध्यें. मुलें ओसरीवर होतीं. पायरीवर एक वृद्ध बाई पदर तोंडावर धरून बसली होती. दोन्ही लशी झाल्याचें तिनें मीं न विचारतांच सांगितलें. मीं तिसरीच्या एका मुलास पाटीवर नांव लिहावयास सांगितलें. शाळा बंद झाली तेव्हां तें पहिलींत होतें. मला वाटलें, त्याला येणार नाहीं. त्यानें आपलें, बापाचें व गांवाचें अशीं तिन्ही नांवें लिहिलीं. मीं आश्चर्यानें बंधूंकडे पाहिलें. तेव्हां त्यांनीं ट्रंकेंतून एक वही काढून दिली. जूनमध्यें मजकडून परत गेल्यावर, शाळेचें कुलूप न काढतां, ते रोज चार चार अंगणांत जात होते. एकेका अंगणांत तीन-चार मुलें, अर्धा अर्धा तास. प्रत्येक घरीं आधीं कोणास विचारिलें, कोण हो म्हणालें, कोण नाहीं म्हणालें, कोणाच्या घरीं ताप आला म्हणून किती दिवस जाणें थांबविलें व पुन्हा कोणत्या तारखेस जाऊन पाहिलें, तें सारें पेन्सिलीनें लिहिलेलें होतें.

"हें मला कळविलें कां नाहीं?" मीं विचारिलें.

बंधु वही परत ट्रंकेंत ठेवीत म्हणाले, "आपण पुन्हा विचारलेंत कोठें, पाळकसाहेब?"