जिवंत माणसाची पालखी

आषाढीला आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात, त्यांत आपण कोणाला बसवितो बरे? कोणालाच नाही. आत असतात त्या पादुका. ज्यांच्या त्या पादुका, ते केव्हाच देहाच्या पलीकडे गेले. त्यांना आपल्याकडून मत नको, वर्गणी नको, जयजयकारही नको. म्हणून त्यांची पालखी वाहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही. जिवंत माणूस पालखीत बसविला म्हणजे मात्र गोष्ट निराळी होते. त्याला आधी उंची आवडू लागते, मग खाली चालणारी माणसे लहान दिसू लागतात, आणि शेवटी पालखी कोठे न्यावयाची हे तोच ठरवू लागतो.

हे आज लिहावयाचे कारण आमच्याच अंगावरचे आहे, ते आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी वाटेवरच्या एका मुक्कामी कीर्तनाआधी एक पुढारी आले. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. अर्धा घटका बोलले. माणूस बोलण्यात मोठा तयारीचा! आरंभी आवाज इतका खालचा, की मागच्या बाया पुढे सरकून बसल्या. मग पिकाला भाव नाही, पोरांना नोकरी नाही, सारे अगदी आमच्या पोटातले. मग आवाज चढला, आणि या सगळ्याला कारण कोण तेही त्यांनी सांगितले, आणि त्यांना गावाबाहेर घालवले पाहिजे असे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही वाजविली. गळ्यात टाळ होते, हात मोकळे होते, वाजविली.

रात्री पंगतीनंतर आमच्या दिंडीतली एक म्हातारी जवळ येऊन बसली. म्हणाली, "बुवा, ते ज्यांस्नी हाकला म्हणत व्हते, त्यांच्याच दारात आपण दुपारी पानी प्यालो न्हवं?" आम्ही काय उत्तर देणार? दुपारी ऊन रणरणत होते, त्या घरच्या माणसाने घागरी बाहेर आणून ठेवल्या होत्या, आणि आम्ही तांब्यावर तांब्या घेतला होता. सहा तासांत ते पाणी पोटातून गेले आणि तो माणूस डोक्यातून गेला.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मानेवर बसला आहे. असली माणसे सत्तेवर चढतात कशी? ती वाईट असतात हे उत्तर पुरत नाही. वाईट माणसे प्रत्येक गावात दोनचार असतातच, ती काही सगळीच राजे होत नाहीत. त्यांतला एखादाच चढतो, तो कोणाच्या खांद्यावरून?

आमच्या समजुतीप्रमाणे याचे सर्वांत उघड उदाहरण जर्मनीचे आहे. दूरचे आहे, म्हणून डोके थंड ठेवून पाहता येते. ॲडॉल्फ हिटलर हा पहिल्या महायुद्धातला एक साधा शिपाई. घर नाही, शिक्षण अर्धवट, धंदा नाही. सप्टेंबर १९१९ मध्ये म्युनिक शहरात लष्कराने त्याला एका चिमुकल्या पक्षाच्या सभेवर नजर ठेवावयास पाठविले. तेथे तो वादात बोलला आणि त्या मंडळींनी त्यालाच पक्षात घेतले. त्याचा सभासद क्रमांक ५५५ होता. पण पक्ष मोठा दिसावा म्हणून त्यांनी मोजणीच ५०१ पासून सुरू केली होती! पुढे जे झाले त्याची चव या पहिल्या आकड्यातच आहे. १९२१ च्या जुलैत त्याने पक्ष सोडण्याची धमकी दिली आणि सर्वाधिकार मागून घेतले. वक्ता त्याच्यासारखा दुसरा नव्हता, म्हणून बाकीच्यांनी ते दिलेही.

१९२३ साली जर्मनीत पैशाची किंमत अशी कोसळली, की नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले. जन्मभर पै पै साठविलेल्या म्हाताऱ्यांच्या ठेवी पावाच्या तुकड्याइतक्याही उरल्या नाहीत. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकला बंड केले. बंड फसले, माणसे मेली, खटला झाला. पण न्यायाधीशांना त्याच्याविषयी इतकी माया, की कोर्टात त्याला तासन्तास बोलू दिले. शिक्षा पाच वर्षांची दिली आणि वर्ष संपण्याच्या आत, २० डिसेंबर १९२४ ला, तो बाहेर आला. राजद्रोहाच्या गुन्ह्याला ही शिक्षा!

आता पुढचा भाग नीट पहा, कारण येथेच बहुतेकांची समजूत चुकते. तो बोलला आणि लोक लगेच भुलले, असे झाले नाही. बाहेर येऊनही तो तसाच बोलत होता, तोच द्वेष, तीच यहुदी लोकांना शिवीगाळ. तरी १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला शंभरात तीन मतेही पडली नाहीत, अवघ्या १२ जागा. लोकांच्या ताटात तेव्हा भाकरी होती. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेचा बाजार बसला, त्या मागोमाग जर्मनीचे कारखाने बंद पडले, आणि १९३० च्या सप्टेंबरात त्याच माणसाला, त्याच भाषणांना १०७ जागा मिळाल्या. १९३२ साली बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली आणि जुलैत त्याच्या जागा झाल्या २३०. बियाणे तेच होते, जमीन आता नांगरलेली मिळाली.

बोलण्याची तयारी मात्र त्याने फार केली होती. व्यासपीठावर येऊन आधी नुसता उभा राही, बोलतच नसे, सभा अगदी निःशब्द होईपर्यंत. मग हळू आरंभ, आणि शेवटी आरोळ्या. हातवारे कसे दिसतात हे पाहण्यासाठी त्याने आपल्या छायाचित्रकाराकडून निरनिराळ्या पवित्र्यांची छायाचित्रे काढून घेतली होती. १९३२ च्या प्रचारात तो विमानाने एका दिवसात चार चार शहरे गाठी. खालच्या लोकांना वाटे, हा आभाळातून उतरला! पण त्याच्या सगळ्या कलेचे मर्म एकच होते. ऐकणाऱ्याच्या मनात अपमान साठलेला असतो, स्वतःच्या दुर्दशेची लाज असते. हा म्हणे, चूक तुझी नाही, चूक त्यांची आहे. माणसाला यापेक्षा गोड काय लागते हो? आपल्या अंगावरचे ओझे दुसऱ्याच्या अंगावर टाकून देणारा कोणालाही तारणहारच वाटणार.

तरीसुद्धा निव्वळ लोकांनी त्याला गादीवर बसविलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या जागा २३० वरून १९६ वर घसरल्या होत्या. ओहोटी लागली होती. तेव्हा त्याला हात कोणी दिला? मोठ्या घरच्या, शिकल्यासवरल्या, धूर्त मंडळींनी. फ्रान्झ फॉन पापेन हे त्यांचे म्होरके, स्वतः पूर्वीचे प्रधान. त्यांचा हिशेब असा, की लोक याच्या मागे आहेत आणि अक्कल आमच्याजवळ आहे. याला पुढे बसवू आणि लगाम आपल्या हाती ठेवू. म्हाताऱ्या अध्यक्ष हिंडेनबुर्गांचे मन वळवून ३० जानेवारी १९३३ ला त्यांनी हिटलरला प्रधान केले. मंत्रिमंडळात त्याच्या पक्षाचे त्याला धरून तिघेच. पापेन उपप्रधान. याला आपण कामाला ठेवून घेतले आहे, अशी फुशारकीही ते मारीत. पुढे दीड वर्षाने, ३० जून १९३४ ला, हिटलरने आपल्याच जुन्या सोबत्यांची कत्तल केली, तेव्हा पापेनांच्या अगदी जवळची दोन माणसे गोळ्या घालून मारली गेली आणि पापेन स्वतः घरात कोंडले गेले. वाघाला गोठ्यात बांधून दूध काढावयास निघाले होते!

मधल्या दीड वर्षात काय झाले ते लांबवीत नाही. २७ फेब्रुवारी १९३३ ला लोकसभेची इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी हुकूम काढून लोकांचे हक्क काढून घेतले. २३ मार्चला सगळी सत्ता प्रधानाच्या हाती देणारा कायदा आला. सभागृहात त्याचे गणवेशातले गुंड उभे होते. ४४४ हात वर गेले, विरुद्ध ९४. त्या ४४४ मध्ये एका धर्मनिष्ठ पक्षाचे सारे सभासद होते, आणि त्या पक्षाचे पुढारी होते एक धर्मगुरू. त्यांना तोंडी आश्वासने मिळाली होती. जुलै उजाडतो तो त्यांचा पक्षही उरला नाही.

ही धर्मगुरूंची गोष्ट आम्हांस अधिक टोचते, कारण आपणही माळ घातलेली माणसे. मार्टिन नीमोलर नावाच्या पाद्र्यांनी आरंभी हिटलरला मत दिले होते. देश उठेल, धर्म टिकेल, असे त्यांना वाटले. पुढे डोळे उघडले, विरोध केला, आणि १९३७ पासून १९४५ पर्यंत ते कैदेत राहिले. डीट्रिख बॉनहॉफर हे त्यांच्याहून तरुण. हिटलर प्रधान झाल्याला दोन दिवस झाले नाहीत तो, १ फेब्रुवारी १९३३ ला, बर्लिनच्या आकाशवाणीवर त्यांचे भाषण होते. जो पुढारी अनुयायांना आपलीच मूर्ती करू देतो तो मार्ग दाखविणारा राहत नाही, वाट चुकविणारा होतो, असा त्याचा आशय. भाषण संपण्याआधीच प्रक्षेपण तुटले. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिले. एवढ्या मोठ्या देशात हे दोन दिवसांत ओळखणारे किती थोडे निघाले!

आता, असल्या माणसाचे मन कशाचे असते? हर्वी क्लेक्ली नावाच्या अमेरिकन मनोवैद्याने १९४१ साली एका जातीच्या रोग्यांविषयी पुस्तक लिहिले. ती माणसे वरून शहाणी, बोलावयास गोड, आतून पश्चात्ताप म्हणून ज्यांना ठाऊकच नाही अशी. हिटलरचे सोबती युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या तुरुंगात होते, तेव्हा दोन अमेरिकनांनी त्यांची मने तपासली. गिल्बर्ट यांना दिसले, की दुसऱ्याचे दुःख यांच्या आत पोचतच नाही. केली यांचे मत उलट पडले. ते म्हणाले, यांत विलक्षण काही नाही, अशी महत्त्वाकांक्षी माणसे कोणत्याही देशात सापडतील. आम्हांस वाटते, दोघांचेही ऐकून ठेवावे, आणि केलींचे थोडे अधिक. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचा माणूस वर्णिला आहे. मारलेल्या आणि मारावयाच्या शत्रूंचा हिशेब करणारा, स्वतःलाच ईश्वर समजणारा. माउलींनी त्याचा विस्तार केला, तोही तो माणूस परदेशातला म्हणून नव्हे. शेवटी १९ मार्च १९४५ ला हिटलरने आपल्याच देशातले पूल, कारखाने, रेल्वे उद्ध्वस्त करण्याचा हुकूम सोडला. साठ लाख यहुदी मारून झाले होते, युद्धात कोट्यवधी मेले होते. मी म्हणजेच जर्मनी असे म्हणवून घेणाऱ्याला, आपण बुडताना जर्मनी उरावी हेही सोसवले नाही.

आपल्याकडे हा धोका एका महापुरुषाने फार आधी सांगून ठेवला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, की धर्मात भक्ती ही आत्म्याच्या मुक्तीची वाट असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा ही अधःपाताची आणि शेवटी हुकूमशाहीची खात्रीची वाट आहे. भक्तीचे नाव घेणाऱ्यांना हे ऐकून पहिल्याने थोडे लागते. आम्हांसही लागले. पण मग ध्यानात आले, की यात भक्तीची निंदा नाही, भक्तीचे स्थळ सांगितले आहे. विठोबाच्या पायांवर डोके ठेवणे आणि पुढाऱ्याच्या पायांवर ठेवणे ही दिसावयास एकच क्रिया. पण विठोबा त्या डोक्याचा उपयोग करून घेत नाही!

आणि आपले कीर्तन पहा. बुवा कितीही मोठा असो, एक विधान केले की त्याला संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते. प्रमाण चुकले तर मागचा टाळकरीही कुजबुजतो. कीर्तनाआधी बुवा श्रोत्यांना नमस्कार करतो, भेटताना थोर आणि लहान एकमेकांच्या पाया पडतात, त्यात जात पाहत नाहीत. ही शिस्त आपल्या कानांना जन्मभर लागलेली आहे. मग त्या मुक्कामी प्रमाण का मागितले नाही? त्यांनी सांगितलेल्या आकड्यांतला एक तरी आम्ही विचारला असता! तुळशीची माळ गळ्यात होती, पण ती काही कानांत नव्हती. रागाला देवाचे नाव जोडून दिले म्हणजे वारकऱ्यालाही तो राग वाटत नाही, भक्तीच वाटते. हे आम्ही जर्मनीच्या इतिहासातून शिकलो नाही, त्या म्हातारीने शिकविले. इतिहास नंतर वाचला.

पुढच्या वर्षी त्याच गावी त्याच दारापुढून दिंडी गेली. घागरी बाहेर होत्या. म्हातारी आमच्याकडे बघत होती. आम्ही पाणी घेतले, आणि मग त्या घरधन्याला एका बाजूला नेऊन गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. असे असे झाले, टाळी आम्हीही वाजविली, म्हणून सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ठाऊक आहे बुवा. मी मागं उभा होतो." आणि आमच्या हातातला रिकामा तांब्या घेऊन त्याने पुन्हा भरला.