खांदेरीचा दिवा

अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेल्या आमच्या धावड्याला दीपगृहाशी काय देणंघेणं, असं कोणी म्हणेल. पण हल्ली भोकरदन तालुक्यातल्या सहलीही अलिबागपर्यंत जातात. तिथून थळला आणि थळहून होडीने खांदेरीला. पोरं घरी येऊन सांगतात ती वाजणाऱ्या दगडाची गोष्ट. तिथल्या एका खडकावर दगड आपटला की भांड्यासारखा आवाज येतो. दिव्याबद्दल विचारलं तर ‘वरून समुद्र मस्त दिसतो’, एवढंच.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडाऱ्यांकडे होतं. इंग्रजांनी जहाजं आणून ते अडवायचा खटाटोप केला, पण शेवटी हात हलवत परत गेले. पुढे राज्य त्यांचं झालं आणि १८६७ मध्ये त्यांनीच तिथे दीपगृह उभारलं. किल्ला जहाजांना वचक बसावा म्हणून, दिवा जहाजं सुखरूप जावीत म्हणून. खडक तोच. समोरचं जहाज कोणाचं, हे तोफेला विचारावं लागतं, दिव्याला नाही. १९२७ च्या दीपगृह कायद्यानेही मोठ्या जहाजांवर कर बसवला, छोट्या होड्यांना तो माफ केला. उजेड दोघांना सारखाच.

वीज येण्याआधी हा उजेड माणसाच्या हातात होता. तेल भरायचं, वात सारखी करायची, काचेवरची काजळी पुसायची. पाऊस असो, ताप असो. ज्याच्यासाठी हे करायचं ते जहाज लांबूनच निघून जाणार, आणि लांबूनच जावं हीच तर इच्छा! म्हणजे काम चोख झालं की आभार मानायला कोणी उरत नाही. आमच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडणाऱ्याचं तसंच आहे. नळ कोरडा गेला की मगच गावाला त्याचं नाव आठवतं.

आता दीपगृहं पाहण्याची ठिकाणं होत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी खुली झाली. खांदेरी किल्ला तर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. चांगलंच झालं, थळच्या होडीवाल्याला चार पैसे मिळतील. मला खटकतं ते वेगळंच. पाहणारे वाढले की न दिसणारं काम आणखी मागे पडतं. रंगरंगोटीला पैसा मिळतो, फोटोच्या चौकटीला मिळतो, काच पुसणाऱ्याला कोण विचारतो? सहलीच्या मास्तरांनी हे पोरांना तिथेच, जिन्याच्या पायथ्याशी सांगायला हवं.

खांदेरीला जाल तेव्हा दिव्याच्या कामावरचा माणूस भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोला, रात्रपाळी कशी असते ते विचारा. आणि तो दगड वाजवू नका. प्रत्येक टोल्याने तो झिजतो, आणि आपल्यामागून दुसरी सहल येतेच आहे.